सर्जेराव आणि बेटावरचे बेडूक

मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सर्जेराव दाभाडे यांचं रंगीत माशांचं दुकान आहे. माझं घर त्याच्या मागच्या गल्लीत. जाता-येता "जयभीम, ताई" अशी हाक यायची, मीही थांबायचे. माणूस मऊ बोलणारा. गिऱ्हाईकानं भावात कितीही ओढाताण केली तरी हसून घ्यायचे. त्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला.

सिडकोतला एक गृहस्थ बादली घेऊन दुकानाशी आला होता. बादलीत काळपट, खवल्याखवल्यांचा हातभर मासा. टाकीतलं शेवाळ खातो म्हणून बोटाएवढा असताना विकत घेतलेला, आता टाकीत मावेना. तो सहज म्हणाला, "तळ्यात सोडायला चाललोय. म्हटलं जाता जाता बाकीच्या माशांसाठी तुमच्याकडून खायचं पाकीट घ्यावं." सर्जेरावांनी काउंटरवरून हात घालून बादलीच धरली. "तळ्यात सोडायचा नाय! माझ्याकडं ठेवा. पैसे घ्या पाहिजे तर, पण पाण्यात सोडायचा नाय!" तो माणूस बावरला आणि बादली तिथंच टाकून गेला. सर्जेराव कितीतरी वेळ त्या बादलीकडे बघत उभे होते. पुढं मला जे कळलं ते निम्मं त्यांच्या तोंडून, निम्मं त्यांच्या मुलीच्या.

सर्जेरावांचं गाव दौलताबादच्या किल्ल्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. आई गोजरबाई लोकांच्या पेरूच्या बागांत कामाला जायची. वडील लवकर गेले. गावाबाहेर पाझर तलाव होता, आणि पावसाळ्यात आजूबाजूची डबकी भरली की मोठे पिवळे बेडूक बाहेर यायचे. एरवी मातकट हिरवा असणारा नर त्या दिवसांत हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून ओरडतो. सर्जेराव आणि बरोबरीची पोरं त्या आवाजाच्या मागं चिखलातून धावायची. आई ओरडायची, पण तिलाही तो आवाज आवडायचा. बेडूक बोलला म्हणजे पाणी मुरलं, असं ती म्हणायची.

बारावीनंतर त्यांनी मत्स्यपालनाचा एक छोटा कोर्स केला. तेव्हाच्या औरंगाबादेत त्या शिक्षणाला नोकरी नव्हती. कोर्समधल्या एका ओळखीच्यानं सांगितलं, अंदमानात एका बेटावर कलकत्त्याच्या मालकाची मत्स्यशेती आहे, माणूस पाहिजे, राहायला खोली मिळते. लग्न होऊन वर्ष झालेलं. गीताबाईंना दिवस गेलेले. "दोन वर्षं काढतो, मग इथं काहीतरी टाकू," असं सांगून ते निघाले. तोवर त्यांनी समुद्र पाहिलेलाही नव्हता, आणि बोटीवर पहिले दिवस पडूनच काढले.

बेट सुंदर होतं, ते त्यांनी मला पुष्कळदा सांगितलं. भातखाचरं, सुपारी, मागं दाट जंगल. वस्ती बंगाली लोकांची, फार पूर्वी तिथं वसवलेली. सर्जेरावांची हिंदी आपल्याकडची, दखनी वळणाची. तिकडच्या लोकांना तिचं हसू यायचं. शेजारी बिनोद हालदार म्हणून एक मच्छीमार होता. त्याच्या बायकोचं नाव शेफाली. ती बदकं पाळायची. सकाळी दार उघडलं की तिची बदकं रांगेनं खाचरात उतरायची आणि संध्याकाळी एका हाकेला परत यायची. सर्जेराव एकटेच शिजवून खातात हे बघून तिनं पहिल्याच आठवड्यात माशाचं कालवण आणि भात पाठवला, तो पुढं जवळजवळ रोज येत राहिला. ते तिला दीदी म्हणायचे, ती त्यांना दादा.

"सगळं मिळत होतं ताई," सर्जेराव मला म्हणाले होते, "पण कानाला कायच ओळखीचं नव्हतं."

तिथले बेडूक नखाएवढे, अंगठ्याएवढे. ओरडायचे ते किड्यांसारखे, बारीक, टिकटिक करत. सर्जेरावांना ते बेडूक वाटायचेच नाहीत.

मत्स्यबीज मुख्य भूमीवरून बोटीनं यायचं, हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. पिशवी उघडायची, पाणी जाळीतून गाळायचं, माशांची पिल्लं हौदात सोडायची आणि जाळीत राहिलेलं बाकी सगळं, किडे, शेवाळ, लांब उन्हात नेऊन टाकायचं. मालकानं हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पिशव्यांत बेडूकमासेही असायचे, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं. सर्जेराव ती इमानेइतबारे टाकून द्यायचे.

मुलगी झाल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बोट लागली. त्यांनी घरी जायची सुट्टी मागितली होती. हंगाम संपल्यावर बघू, असं उत्तर आलं होतं. पिशव्या उघडता उघडता एका जाळीत जाड डोक्याचे, काळसर बेडूकमासे वळवळताना दिसले. त्यांनी ओळखले. पाझर तलावाच्या कडेला ओंजळीत धरून कितीदा तरी पाहिलेले, तेच पिवळ्या बेडकाचे.

खोलीमागं माती काढून झालेला एक खड्डा होता, पाण्यानं भरलेला. सर्जेराव जाळी घेऊन उन्हाकडे निघाले आणि मध्येच खड्ड्याकडे वळले.

"मनात काय वाईट नव्हतं," ते म्हणाले. "वाटलं, आपल्याकडचं कायतरी इथं असू द्यावं."

पुढच्या पावसात खड्ड्यातून आवाज आला. सर्जेराव अंथरुणातून उठून बाहेर गेले आणि तिथंच पायरीवर बसून राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी तर आवाज रस्त्यापर्यंत पोचला. फोन असलेलं दुकान रस्त्यावर होतं. एका संध्याकाळी गीताबाईंशी बोलताना दुकानामागच्या खाचरात बेडूक ओरडायला लागले, तसा त्यांनी रिसीव्हर दाराबाहेर धरला.

"ऐकलं का?"

"अगं बाई! गावाकडं आलात का काय?" गीताबाई हसल्या. मग पोरीलाही ऐकवला. त्या दिवशी सर्जेराव खूश होते. खड्ड्यातला बेडूक रस्त्यापलीकडच्या खाचरात कसा पोचला, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

तो पडला तिसऱ्या वर्षी. आधी हौदांतली माशांची पिल्लं कमी भरायला लागली. मग शेफालीची बदकाची पिल्लं जायला लागली. आज दोन, परवा तीन. तिला वाटलं साप असेल. बिनोदनं कुंपण बांधलं. त्यानंही फरक पडेना. एका सकाळी बिनोद खाचराच्या बांधावरून ओरडत आला. त्याच्या हातात पंजाएवढा बेडूक होता, आणि बेडकाच्या मिटलेल्या तोंडातून बदकाच्या पिल्लाचा पिवळा पाय बाहेर आलेला.

वस्तीतले लोक जमले. असला बेडूक आपल्या बेटावर नव्हता, यावर सगळ्यांचं एकमत. कुठून आला, यावर नाही. कुणी म्हणालं लाटेबरोबर आला, कुणी म्हणालं बोटीवरच्या रेतीतून. शेफालीनं सर्जेरावांकडे पाहिलं. तिच्या नजरेत काही संशय नव्हता. लांबच्या मुलखातला, शिकलेला, मासे जाणणारा माणूस म्हणून तिनं विचारलं.

"दादा, तुमच्याकडं असतात का असले?"

"नाही," सर्जेराव म्हणाले.

इतकंच. ते एकच उत्तर त्यांच्या आयुष्यात रुतून बसलं. ते सांगत असताना मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. खड्ड्याबद्दल बोलताना ते माझ्याशी बोलत होते, या 'नाही'बद्दल बोलताना समोरच्या टाकीकडे बघत होते.

त्यानंतर ते झपाटल्यासारखे बेडूक मारायला लागले. खोलीमागचा खड्डा त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी एकट्यानं बुजवला. कुणी विचारलं तर सांगितलं, डास होतात. पोत्यात भरून भरून बेडूक नेले. पण एकेक मादी एका पावसात हजारोंनी अंडी घालते. त्यांनी एक पोतं रिकामं करावं तोवर दहा डबकी भरलेली असायची. ते बारीक, टिकटिक करणारे बेडूक मात्र वस्तीच्या आसपास ऐकू येईनासे झाले. ते कधी थांबले, हेही सर्जेरावांना नेमकं सांगता येत नाही. त्या बेडकांचा आवाज त्यांनी कधी मन लावून ऐकलाच नव्हता.

शेफालीनं बदकं बंद केली. उरलेली दोन मोठी बदकं पाहुण्यांना देऊन टाकली आणि ती धक्क्यावरच्या खानावळीत भांडी घासायला जाऊ लागली. तरी संध्याकाळी तिचं ताट येतच राहिलं. सर्जेराव सांगतात, ते ताट परत पाठवायला तोंड नव्हतं.

शेवटी एक दिवस ते आईच्या आजारपणाचं कारण सांगून निघाले. आजारपण खरंच होतं, पण एवढं मोठं नव्हतं. धक्क्यावर निरोपाला शेफाली आणि बिनोद दोघं आले होते. शेफालीनं पोरीसाठी शंखांची माळ दिली. बोट सुटेपर्यंत सांगायला वेळ होता. त्यांनी सांगितलं नाही.

इकडे येऊन त्यांनी दुकान टाकलं. पोर मोठी झाली. तिचं नाव संस्कृती. चुणचुणीत, अभ्यासात पुढं, आणि लहानपणापासून टाक्यांमध्ये वाढल्यामुळे असेल, तिनं प्राणिशास्त्र घेतलं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तिनं प्रकल्पासाठी बेडूक निवडले आणि वडिलांना घेऊन गावच्या पाझर तलावावर गेली. तलाव निम्मा गाळानं भरलेला, कडेला प्लॉटिंगचे दगड. पावसाळा ऐन भरात असूनही दोघांना मिळून चारच पिवळे बेडूक दिसले. सर्जेरावांनी लगेच परत निघायला लावलं. संस्कृतीला वाटलं, गावाची अवस्था बघून वाईट वाटलं असेल.

मागच्या वर्षी तिच्या विभागात बाहेरगावच्या एका संशोधक बाईंचं व्याख्यान झालं. त्या दिवशी संस्कृती घरी आली ती जेवायला बसेपर्यंत बोलतच होती.

"पप्पा, ऑस्ट्रेलियात नव्वद वर्षांपूर्वी उसावरचे किडे खातील म्हणून परदेशातून मोठे भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, आणून सोडले. किडे राहिले बाजूला, भेकच देशभर पसरले. अंगात विष, त्यामुळं त्यांना खायला गेलेले साप, सरडे मरायला लागले. आणि गंमत ऐका. जे भेक सगळ्यात पुढं गेले, त्यांचे पाय मागच्यांपेक्षा लांब झालेत!"

"असं कसं हुईल?" गीताबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं.

"अगं, जो जास्त पळतो तोच पुढं पोचतो ना. पुढं पोचलेल्यांची जोडी पुढं पोचलेल्यांशीच जमते. मग पिल्लं आणखी पळणारी. अशा पिढ्या गेल्या की पाय लांब. आणि तिकडचे काही साप पण बदलले. ज्यांचं डोकं मोठं त्यांनी मोठा भेक गिळला आणि मेले. बारीक डोक्याचे वाचले. आता त्या भागात बारीक डोक्याचेच जास्त."

"मग निसर्गानं केलं की बरोबर," गीताबाई म्हणाल्या.

"किती मेल्यावर?" संस्कृती म्हणाली. "आणि आपल्याकडं पण चाललंय हे. अंदमानात. पप्पा, तुम्ही होतात ना तिकडं? तिथं आपला पिवळा बेडूक पसरलाय. मत्स्यबीजाबरोबर गेला म्हणतात. त्याचे बेडूकमासे दुसऱ्या बेडकांचे बेडूकमासे खातात. म्याडमनी टबात एकत्र ठेवून बघितलं. तिथल्या बारक्या बेडकांचं एक पण पिल्लू उरलं नाही."

सर्जेरावांचा हात ताटातच थांबला होता. "इथं कसं उरतं मग?" त्यांनी विचारलं. "आपल्या तळ्यात बाकीचे पण बेडूक होतेच की."

"इथं लाखो वर्षं एकत्र राहिलेत ना, पप्पा. ज्यांची पिल्लं ह्याला बघून लपली, उथळ पाण्यात राहिली, ती जगली. ती भीती त्यांच्या रक्तात उतरलीय. शिवाय इथं ह्याला खाणारे साप आहेत, बगळे आहेत, डबकी आटतात. तिकडच्या बेडकांना असला खाणारा कधी भेटलाच नाही. त्यांना पळायचं असतं हेच ठाऊक नाही."

सर्जेराव ताटावरून उठले. गीताबाईंना वाटलं घास अडकला. ते मागं मोरीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच, दोघींकडे पाठ करून, म्हणाले, "मीच सोडले होते."

त्या संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं. गीताबाईंना फोनमधला तो आवाज आठवला; त्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. संस्कृती मात्र रडली नाही. खड्ड्याचं तिनं ऐकून घेतलं, बदकांचंही ऐकून घेतलं. शेफालीला दिलेलं उत्तर ऐकल्यावर बोलली.

"त्या बाईनं तुम्हाला जेवू घातलं, पप्पा. तिला खोटं का बोललात?"

"घाबरलो."

"कुणाला? तिला?"

पोरगी आठ-दहा दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलली. गीताबाईंनी मध्यस्थी करून पाहिली, तिनं दाद दिली नाही.

मग तीच एक दिवस दुकानात आली. तिनं त्या संशोधक बाईंना फोन करून सांगितलं होतं, वडिलांना विचारून नव्हे. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं होतं की असा बेडूक तिथं एकाच माणसानं, एकाच खड्ड्यातून नेलेला नाही. पुष्कळ बेटांवर, पुष्कळ हौदांतून, पुष्कळ वेळा हे घडलं असणार. बहुतेकांच्या लक्षातही आलं नसेल. साल आणि जागा कळली तर मात्र उपयोग होईल, बेडूक किती वेगानं पसरले ते काढता येईल.

"म्हणजे तुम्ही एकटे नाही, पप्पा," संस्कृती म्हणाली. तिला त्यांना थोडा धीर द्यायचा होता.

"बाकीच्यांच्या लक्षात आलं नसंल," सर्जेराव म्हणाले. "माझ्या आलं होतं."

त्यांनी साल सांगितलं, जागा सांगितली, खड्डा कुठं होता ते कागदावर काढून दाखवलं. आणि मग म्हणाले, "बिनोदचा नंबर मिळतो का बघ."

बाईंच्या ओळखीतून नंबर मिळाला. फोन दुपारी केला, दुकान बंद ठेवून. संस्कृती शेजारी बसली होती, फोन स्पीकरवर होता, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. बिनोदला वर्षानुवर्षांनी आवाज ऐकून फार आनंद झाला. त्यानं ओरडून शेफालीला बोलावलं. तिनं आधी पोरीची चौकशी केली, मग आईची. गोजरबाई जाऊन काही वर्षं झाली होती. ते ऐकून ती हळहळली. सर्जेरावांनी तिला मध्येच थांबवलं आणि त्या मोडक्या हिंदीत एका दमात सांगून टाकलं.

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"दादा," शेफाली शेवटी म्हणाली, "मी विचारलं तेव्हा ते आपल्या वस्तीतच होते. वस्तीबाहेरच्या पुलाच्या पलीकडं गेले नव्हते. तेव्हा सांगितलं असतंत, तर सगळी घरं मिळून खाचरात उतरलो असतो. बाया, पोरं, सगळे. एकही ठेवला नसता."

"व्हय," सर्जेराव म्हणाले. हिंदीत बोलताहेत हेही ते विसरले होते.

"आता शाळेपर्यंत आहेत. जंगलात आहेत." ती थांबली. आवाजात राग नव्हता, आणि तेच संस्कृतीला फार जड वाटलं. "बरं. तब्येत सांभाळा." फोन बंद झाला.

सगळी घरं मिळून उतरलो असतो, हे सर्जेरावांच्या कधी मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ते खड्ड्यात बेडूक सोडल्याचा पश्चात्ताप करत होते. तो खड्डा आठवला की घरची ओढही आठवायची, आणि थोडी तरी सुटका व्हायची. पण बेडूक सोडल्यावरही वेळ गेलेली नव्हती. वेळ घालवली ती त्या एका शब्दानं, आणि त्याला घरच्या ओढीचं कारण नव्हतं. हे ते मला सांगत होते तेव्हा मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हात वर केला. "नको ताई. तिनं बरोबर सांगितलं."

या जानेवारीत संस्कृती बेटांवर गेली. बाईंनी तिला सहाय्यक म्हणून घेतलं. ती आणि आणखी दोघं वेगवेगळ्या बेटांवरचे पिवळे बेडूक पकडून त्यांच्या मागच्या पायांची लांबी मोजतात, आधी पोचलेल्यांची आणि आत्ता आत्ता पोचलेल्यांची. ऑस्ट्रेलियातल्या भेकांसारखं इथंही काही होतंय का, ते कळायला अजून काही वर्षं जातील. शिवाय एका लहान बेटावर बेडूक पोचल्या पोचल्याच लोकांनी कळवलं, म्हणून तिथं तो काढून टाकायचा प्रयत्न चालू आहे. जमेल का, हे तिलाही सांगता येत नाही.

सर्जेरावांनी तिला जाताना शेफालीसाठी काहीच दिलं नाही. गीताबाई चटणी, शेव, साडी असं काय काय काढत होत्या. त्यांनी सगळं परत ठेवायला लावलं. "ते देऊन मला बरं वाटंल," म्हणाले, "तिला काय?"

परवा दुकानावरून जाताना मी विचारलं, पोरगी शेफाली-बिनोदला भेटली का.

"भेटली," ते म्हणाले. "दोन दिवस त्यांच्याकडंच होती. बिनोदला आता दिसत नाय नीट. शेफालीनं शेळ्या घेतल्यात." टाकीतलं पाणी बदलता बदलता ते जरा थांबले. "माझं नाव कुणी काढलं नाय, म्हणं."

मग एक गिऱ्हाईक आलं आणि ते त्याला दोन लाल मासे पकडून द्यायला लागले.